ठोक्याची जागा

एक साधा प्रयोग करून पाहा. फराळाची ताटे उचलून झाली आणि मंडळी जरा निवांत झाली, की खोलीच्या मध्यभागी डोळे मिटून बसा. घरातल्या एखाद्या मुलाला पावलांचा आवाज न करता कुठेही जाऊन उभे राहायला सांगा आणि तिथून एकच टाळी वाजवायला सांगा. तुमचे बोट बहुधा न चुकता त्या दिशेला जाईल. आता त्यालाच जागा बदलायला सांगा. या वेळी टाळी नको. तोंड मिटून, खालच्या पट्टीत, अगदी हळू सुरुवात करून चढत जाणारा लांब हुंकार त्याने काढावा. बोट आता घुटमळेल. ‘इकडे असावा, की तिकडे?’ असे होईल. पण हुंकार घरातल्या कोणत्या मुलाचा आहे, हे मात्र तुम्ही तात्काळ सांगाल.

टाळीने जागा सांगितली आणि सुराने माणूस सांगितला. ही गोष्ट दिसायला एवढीशी आहे; पण तिच्यापायी मी गेल्या वर्षीचा सबंध पावसाळा संगणकापुढे घालवला. त्या खटाटोपाची ही हकीकत आहे. तीत काही यंत्रविद्या आहे, थोडे पदार्थविज्ञान आहे आणि शेवटी आईने मला दिलेला धडाही आहे.

पत्र्याच्या डब्यातली फीत

मी राहतो नशिराबादला. जळगावहून भुसावळकडे जाताना महामार्गावर लागणारे आमचे हे गाव. रात्री सगळे सामसूम झाले की भादली स्टेशनाकडून जाणाऱ्या गाड्यांची धडधड अजूनही अंथरुणात ऐकू येते. शाळेतली नोकरी जळगावला आणि फावल्या वेळचा छंद ध्वनिमुद्रणाचा, असे माझे दुहेरी जीवन आहे. लग्नकार्यातली गाणी, शाळेचे स्नेहसंमेलन, भजनी मंडळाचे कार्यक्रम यांचे मुद्रण मी हौसेने करतो आणि घरच्या संगणकावर ते नीटनेटके करून देतो.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवीत. 1987 सालच्या कार्तिकात, काकड्याच्या एका पहाटे, मामांनी मुंबईहून आणलेल्या टू-इन-वन यंत्रावर आमच्या ओसरीतले भजन कुणीतरी एका कॅसेटवर उतरवून घेतले. अण्णा 2004 साली गेले. त्यांच्या हातचे एवढेच वाजवणे उरले आहे. फराळाच्या डब्यांत ठेवलेली ती फीत गेल्या वर्षी सापडली, आणि आई म्हणाली, “मले एकदा नीट ऐकू दे.”

नीट ऐकू देणे सोपे नव्हते. ते यंत्र एकाच कानाचे होते, म्हणजे मोनो. डावे-उजवे असा भेदच त्यात नाही. सगळी मंडळी एकाच भोकातून आल्यासारखी ऐकू येतात. दुसरे असे की, त्या काळच्या घरगुती यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारे एक मंडल असे. जोराचा आवाज आला की ते यंत्राचा कान आवळते आणि शांतता झाली की सैल सोडते. त्यामुळे मृदंगावर थाप पडली की पाठोपाठ सगळे भजन दबते आणि ओळ संपली की फितीची सरसर फुगून वर येते. अण्णांची थाप होती, पण तिचा कडकपणा गेला होता. गोधडीत गुंडाळून मृदंग वाजवावा, तसे ते ऐकू येई.

तेव्हा मी ठरवले, की थापेला धार आणायची आणि जमल्यास ओसरीत जो जिथे बसत असे तिथे त्याला पुन्हा बसवायचे.

ठोका आणि नाद

कोणत्याही वाद्याच्या आवाजाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पहिला भाग ठोक्याचा. बोट कातड्यावर आपटते, काठी धातूवर बसते, नख तारेला लागते, त्या क्षणीचा तो खडखडीत स्फोट. तो काही सहस्रांश सेकंदांत आटोपतो. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात त्याला ट्रान्झियंट म्हणतात. आपण ठोका म्हणू. दुसरा भाग म्हणजे त्यानंतर घुमत राहणारा नाद.

ठोका इतका अल्पजीवी, मग त्याची मातब्बरी ती काय, असे कुणी म्हणेल. पॅरिसच्या नभोवाणीवरील पिएर शेफर या गृहस्थांनी 1948 साली याचे मोठे गमतीचे उत्तर काढले. त्यांनी घंटेचा आवाज मुद्रित केला, त्याचा सुरुवातीचा ठोका तेवढा कापून टाकला आणि उरलेला नाद वाजवून पाहिला. घंटा नाहीशी झाली! जे ऐकू आले ते फुंकून वाजवायच्या ओबो नावाच्या वाद्यासारखे होते. धातूचा नाद तोच, पण ठोका गेल्याबरोबर घंटेची ओळखच गेली.

आपल्याकडच्या चर्मवाद्यांत तर ठोका आणि नाद यांचा संसार फारच बारकाईने बांधलेला आहे. सर सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासमवेत 1920 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रात दाखवून दिले, की साध्या ढोलाच्या कातड्यातून बेसूर, परस्परांशी न जुळणारी कंपने निघतात, पण मृदंग-तबल्याच्या शाईमुळे ती कंपने एका मूळ सुराच्या पटीत येऊन बसतात. म्हणूनच आपला मृदंग सुरात लागतो. उजव्या तोंडाला शाई आणि डाव्या तोंडाला ओली कणीक असे अण्णांच्या पखवाजाचे रूप माझ्या डोळ्यांपुढे आहे. काकड्याला निघण्याआधी आई कणकेचा गोळा वाटीत काढून ठेवी. त्या कणकेच्या वजनाने डाव्या तोंडाचा आवाज खाली उतरतो आणि धीरगंभीर ‘धूम’ निघतो.

म्हणजे एका थापेत तीन गोष्टी आल्या : कातड्यावर हात बसल्याचा खट्ट, शाईचा सूर आणि कणकेची घुमक. यांतला खट्ट वर काढायचा, पण सूर आणि घुमक यांना धक्का लावायचा नाही, असे माझे काम होते.

कान दिशा कशी ओळखतो?

आता जागेविषयी. आपले दोन कान म्हणजे डोक्याच्या दोन बाजूंना बसवलेले दोन पहारेकरी आहेत. आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्या कानाला किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त एका सेकंदाचा दीडहजारावा भाग, एवढाच असतो. तरी मेंदू तो टिपतो. शिवाय डोके मध्ये आडवे येत असल्यामुळे उंच पट्टीचा आवाज पलीकडच्या कानाला मंद ऐकू येतो. लॉर्ड रेले या शास्त्रज्ञांनी 1907 साली ही दुहेरी उपपत्ती मांडली. खालच्या सुरांसाठी वेळेतला फरक आणि वरच्या सुरांसाठी जोरातला फरक, अशी कानांची वाटणी आहे.

पुढे 1949 साली हेल्मुट हास या जर्मन संशोधकांनी दाखवले, की तोच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला तर आधी पोचलेला आवाज दिशा ठरवतो आणि मागून आलेला त्यात मिसळून जातो. खोलीत भिंतींवरून शेकडो प्रतिध्वनी येत असतात, तरी बोलणारा कुठे आहे हे कळते ते यामुळेच. आवाजाची पहिली लाट दिशा सांगते, आणि ठोक्यात ती पहिली लाट अगदी ठसठशीत असते. टाळीवरून बोट अचूक जाते आणि हुंकारावरून घुटमळते, त्याचे मुख्य कारण हे.

यावरून माझ्या मनात एक विचार आला. अण्णांना डावी-उजवीकडे बसवायचे तर त्यांचा सगळा आवाज कशाला हलवायचा? नुसता ठोका सरकवला तर बाकीचे काम कान आपणहून करतील.

दांड्यांपासून प्लगइनपर्यंत

ज्यांच्या घरी 1980-85 च्या सुमारास मोठा स्टीरिओ होता, त्यांना त्यावरच्या वरखाली सरकणाऱ्या दांड्यांची रांग आठवत असेल. पाहुण्यांसमोर त्या दांड्यांची कमान करून ठेवण्यात घरातल्या मुलांना फार भूषण वाटे. त्यालाच इक्वलायझर म्हणत. हे नाव मूळचे टेलिफोनचे. लांब तारांतून जाताना उंच स्वर अधिक क्षीण होत. ते पुन्हा बरोबरीला आणणारे मंडल म्हणजे इक्वलायझर. पुढे ध्वनिमुद्रकांनी ते बरोबरीऐवजी चवीसाठी वापरायला सुरुवात केली. 1972 साली जॉर्ज मॅसनबर्ग यांनी पॅरामेट्रिक इक्वलायझरवर निबंध वाचला. त्या पद्धतीत कोणता स्वर, किती रुंद पट्टा आणि किती वर-खाली, हे तिन्ही हवे तसे ठरवता येते.

आज ही यंत्रे कपाटाएवढी उरली नाहीत. संगणकावरच्या मुद्रणाच्या कार्यक्रमात आणखी एक छोटा कार्यक्रम अडकवायचा, की तोच इक्वलायझर होतो. त्याला प्लगइन म्हणतात. मिक्सरला चटणीचे भांडे लावावे की रसाचे, हे जसे आपण कामाप्रमाणे ठरवतो, तसेच हे. पण भांडी पुष्कळ, आणि प्रत्येकाची जाहिरात मोठी! म्हणून मी त्यांतली काही एकाच फितीवर चालवून तुलना करायचे ठरवले.

तुलनेसाठी तीन नियम केले. पहिला : फितीची जशीच्या तशी नक्कल आधी जपून ठेवायची आणि सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करायचे. दुसरा : प्रत्येक नमुन्याचा आवाज ऐकण्यापूर्वी सारख्या मोठेपणाचा करायचा. जरा मोठ्याने वाजलेले माणसाला नेहमीच अधिक चांगले वाटते, आणि पुष्कळशा तुलना इथेच फसतात. तिसरा : कोणता नमुना कोणत्या प्लगइनचा हे ऐकणाऱ्याला सांगायचे नाही. माझ्या भाचीने चिठ्ठ्या टाकल्या आणि तीच नमुने वाजवी. ऐकायला मी आणि शेजारचे वयोवृद्ध टाळकरी. हे गृहस्थ त्या पहाटे स्वतः भजनात होते.

पाच भांडी, एक चटणी

आधी साधा इक्वलायझर. भादलीकडच्या गाडीची धडधड फितीवर होती. तळाचे स्वर छाटल्याबरोबर ती गेली. एवढ्या कामाला महागडे काही लागत नाही, कार्यक्रमाबरोबर फुकट मिळणारे साधन पुरते. पण थापेचा खट्ट वर काढायला गेलो तर पंचाईत झाली. खट्ट असतो सुमारे दोन ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यात. त्याच पट्ट्यात टाळांची किणकिण, बुवांच्या ‘स’ आणि ‘च’ यांची सळसळ आणि फितीची सरसर. तो पट्टा चढवला की सगळेच चढते. टाळकरी म्हणाले, “मास्तर, हे तर तळणाला पाणी लागल्यासारखं चरचरतंय.”

इथे एक सूचना. काही इक्वलायझरांत ‘लिनियर फेज’ अशी सोय असते. ऐकायला नाव भारदस्त. पण ठोक्याच्या कामात ती जपून वापरावी. तिच्यामुळे ठोक्याची ऊर्जा थोडी मागे-पुढे पसरते आणि कधी कधी प्रत्यक्ष थाप पडण्यापूर्वीच तिची पुसट चाहूल ऐकू येते. पाहुणा दारात येण्याआधीच त्याच्या चपला आत आल्या, असा प्रकार!

दुसरे भांडे डायनॅमिक इक्वलायझरचे. यात पट्टा नेहमी चढलेला किंवा उतरलेला नसतो; आवाज एका ठरावीक मर्यादेबाहेर गेला तरच तो हलतो. टोकियो डॉन लॅब्सचे ‘नोवा’ हे या जातीचे, मोफत मिळणारे आणि अतिशय कामाचे साधन आहे. त्याचे चार पट्टे असे स्वतंत्रपणे हलवता येतात, आणि किती चटकन हलावे व किती सावकाश परतावे, हेही ठरवता येते. फॅबफिल्टर कंपनीच्या ‘प्रो-क्यू’मध्ये 2018 सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही सोय आली, आणि 2024 सालच्या चौथ्या आवृत्तीत हलण्या-परतण्याची गतीही वापरणाऱ्याच्या हाती आली. या दोहोंनी टाळांचा कर्कशपणा छान ताब्यात आणला. टाळ जोराने आदळले तेवढ्यापुरता पट्टा वाकायचा आणि लगेच सरळ व्हायचा. पण थापा वर काढायला ते अपुरे पडले, कारण माझ्या फितीवर जोराची आणि हलकी थाप यांत फरकच थोडा होता. मर्यादा खाली आणली तर बुवांचा आवाजही ती ओलांडे. वर ठेवली तर अण्णांच्या हलक्या थापा बाहेरच राहत.

तिसरे भांडे ‘ट्रान्झियंट डिझायनर’. एसपीएल या जर्मन कंपनीने 1998 साली हे प्रथम यंत्ररूपाने आणले. आता ते प्लगइन म्हणूनही मिळते. त्याला मुख्य बटणे दोनच : एक ठोक्याचे, दुसरे नादाच्या लांबीचे. त्याची युक्ती अशी, की आवाज किती मोठा आहे हे ते पाहतच नाही. तो किती वेगाने चढला हे पाहते. त्यामुळे हलक्या थापेलाही तितकाच न्याय मिळतो. हे लावल्याबरोबर मृदंगावरची गोधडी निघाली! टाळकरी सावरून बसले. पण हे साधन सरसकट काम करते. मृदंगाबरोबर टाळ, टाळ्या, खोकला, सगळ्यांनाच धार येते.

चौथे ‘स्पिफ’, ओकसाउंड कंपनीचे, 2018 चे. हे ठोकेच पकडते, पण कोणत्या स्वरांतले ठोके चढवायचे वा उतरवायचे हेही ठरवू देते. फितीवर अगदी वरच्या स्वरांत एक बारीक टिचटिच सतत ऐकू येत होती. फीत खराब झाली असेल असे समजून मी ती याच साधनाने काढून टाकली. सफाई अशी, की बुवांच्या सुराला ओरखडाही उठला नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. ते थोपटणे कसे अंगाशी आले, ते पुढे सांगतो.

पाचवे भांडे ‘स्प्लिट-ईक्यू’. इव्हेंटाइड या अमेरिकन कंपनीने 2021 साली ते आणले. हे साधन आवाजाचे आधीच दोन प्रवाह करते, ठोक्यांचा एक आणि नादाचा एक. मग आठ पट्ट्यांपैकी प्रत्येकात ठोका वेगळा वर-खाली करता येतो, नाद वेगळा. आणि ठोका डावी-उजवीकडे वेगळा सरकवता येतो, नाद वेगळा. मला हवे होते ते नेमके हेच.

जागेच्या बाबतीत पाचांतला फरक अगदी स्पष्ट झाला. ‘प्रो-क्यू’मध्येही एखादा पट्टा फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या बाजूपुरता चढवता-उतरवता येतो. तसे करून मृदंगाचा खालचा पट्टा मी एका बाजूला झुकवला. अण्णा सरकले खरे. पण बुवांचा खर्जही त्याच पट्ट्यात असल्यामुळे अर्धे बुवा त्यांच्याबरोबर चालू लागले! ‘स्प्लिट-ईक्यू’मध्ये मी फक्त खालच्या पट्ट्यांतले ठोके सरकवले आणि नाद मध्यभागी राहू दिला. बुवा जागेवर, थाप बाजूला. भाचीने डोळे मिटून बोट दाखवले ते बरोबर थापेच्या दिशेने.

पण त्यालाही मर्यादा आहेत. सरकवणे जास्त झाले की टाळांची झंकार दोन प्रवाहांत फाटते आणि पाण्यातून आल्यासारखी डचमळते. शिवाय एकाच कानाच्या फितीत हा ठोका मृदंगाचा आणि हा टाळाचा, असे कुठे लिहिलेले नसते. स्वराच्या उंचीवरून अंदाज बांधावा लागतो. आणखी एक मोह टाळावा : एका बाजूचा आवाज क्षणभर उशिरा सोडून रुंदपणा आणण्याची युक्ती. दोन कर्ण्यांवर ती सुरेख वाटते. पण मोबाइलच्या एकाच कर्ण्यावर दोन्ही बाजू एकत्र आल्या की आवाज नळकांड्यातून आल्यासारखा पोकळ होतो.

आईचा निकाल

आठवडाभराने मी सर्व जुळवाजुळव करून आईला बोलावले. थापेला धार होती, टाळ गोड झाले होते, टिचटिच नाहीशी झाली होती आणि मृदंग उजव्या कर्ण्याकडून येत होता. दहा मिनिटे ती निमूटपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, “अण्णा तिकडे कधी बसले? ते डाव्या अंगाले बसेत, खांबाले टेकून.”

मी उजवीकडे का ठेवले होते? काही कारण नव्हते. कुठेतरी ठेवायचे म्हणून ठेवले होते. टाळकऱ्यांनी पुष्कळ नमुने ऐकले होते, पण ठोका धारदार आहे की नाही एवढेच मी त्यांना विचारले होते. अण्णा कुठे बसत हे विचारण्याचे मला सुचलेच नव्हते.

मग आईने दुसरे विचारले, “आन माह्या बांगड्या कुठे गेल्या?”

मला क्षणभर अर्थच लागला नाही. त्या पहाटे यंत्र ठेवले होते स्वयंपाकघराच्या दारातल्या फळीवर. आई त्याच दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती. यंत्राला सर्वांत जवळ तीच होती. ती टिचटिच फितीची नव्हती. प्रत्येक टाळीबरोबर तिच्या हातातला काचेचा चुडा वाजत होता. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात नशिराबादची ओळख काचेच्या बांगड्यांसाठी नावाजलेले गाव अशी दिली आहे. त्या गावात जन्म घालवून मला तो आवाज ओळखता आला नाही. अण्णा गेल्यापासून आईच्या हातात काचेच्या बांगड्या नाहीत.

त्या रात्री मी पुन्हा बसलो. ‘स्पिफ’ची सफाई काढून टाकली. मृदंगाच्या पट्ट्यांतले ठोके डावीकडे नेले, तेही पूर्ण नव्हे, खांबापुरते. सर्वांत वरच्या पट्ट्यांतले ठोके, म्हणजे बांगड्या, उजवीकडे किंचित सरकवले, कारण स्वयंपाकघराचे दार उजवीकडे होते. सगळ्यांचा नाद मध्यभागी जसाच्या तसा राहू दिला. ‘ट्रान्झियंट डिझायनर’चे बटण पहिल्याच्या निम्म्यावर आणले.

मग कोणते घ्यावे?

वाचक विचारतील, तर मग यांतले श्रेष्ठ कोणते? माझा अनुभव असा. नव्या, स्वच्छ मुद्रणात प्रत्येक वाद्यासाठी वेगळा मायक्रोफोन असेल, तर साधा इक्वलायझर आणि ठोक्याचे एक बटण एवढ्यावर बहुतेक काम भागते. एखादे वाद्य मधूनच कर्कश होत असेल तर डायनॅमिक इक्वलायझर, आणि त्यासाठी ‘नोवा’ मोफत असताना आधी तोच वापरून पाहावा. बारीक टिचटिच काढायला ‘स्पिफ’. पण आधी ती कशाची आहे हे घरात विचारून घ्यावे! आणि अनेक वाद्ये-आवाज एकाच फितीत कालवले गेले असतील, नि त्यांतल्या ठोक्याला तेवढे हलवायचे असेल, तर ठोका व नाद वेगळे करणारे ‘स्प्लिट-ईक्यू’सारखे साधनच उपयोगी पडते. ठोका हलवा, नाद शक्यतो हलवू नका. ठोका सांगतो माणूस कुठे आहे. नाद सांगतो तो कोण आहे. जागा बदललेली चालते, माणूस बदललेला चालत नाही.

आमच्या शेजारच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880-1951) यांची गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांच्यामुळे कागदावर राहिली आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने 1952 साली पुस्तकरूपाने महाराष्ट्राला मिळाली. कागदाने शब्द राखले, हे आपले भाग्यच. पण ओवी म्हणणारी बाई जात्याच्या कोणत्या अंगाला बसली होती, तिच्या हातातल्या बांगड्या केव्हा वाजल्या, हे कागदाला सांगता येत नाही. घरोघरच्या जुन्या फितींना ते थोडेफार सांगता येते. मात्र त्या फिती दरवर्षी थोड्याथोड्या झडत चालल्या आहेत आणि त्यांतले कोण कुठे बसले होते हे सांगणारी माणसेही आता थोडीच राहिली आहेत. या दिवाळीत सगळे घरी जमतील तेव्हा फीत वाजवण्याआधी वडीलधाऱ्यांपाशी कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि ओसरीचा नकाशा काढून घ्या. प्लगइन पुढच्या वर्षीही मिळतील.

सुधारलेली फीत आईला ऐकवली तेव्हा ती काही बोलली नाही. काकड्याचा अभंग रंगात आला तसे तिचे हात आपोआप टाळी वाजवू लागले. उजव्या कर्ण्यातून बांगड्या वाजत होत्या, आणि इकडे तिच्या टाळीचा नुसताच आवाज होता. डावीकडे, खांबापाशी, थाप पडत होती. अभंग संपला. भादलीकडून एक गाडी धडधडत गेली. ती फितीवरची नव्हती, खरीच होती.

“पुन्हा लाव,” आई म्हणाली.